घर एक, राउटर दोन

घरात वाटणी झाली का, हे आमच्या उल्हासनगरात कुणी तोंडावर विचारत नाही. पूर्वी लोक चूल बघायचे. एकीच्या दोन झाल्या की बातमी गल्लीभर. मग विजेचे मीटर बघायला लागले. जिन्याखाली दुसरा मीटर बसला की समोरच्या काकू ‘बरं झालं बाई, गोडीगुलाबीनं मिटलं’ असं म्हणत तपशील काढायला येऊन बसायच्या. आता पाहुणा येतो, पाणी पितो, पापड मोडतो (हा आमच्याकडचा सिंधी शिरस्ता, तो मराठी घरांतही केव्हाच मुरलाय) आणि विचारतो, ‘वाय-फायचा पासवर्ड काय हो?’ त्यावर ‘कुठला? वरचा की खालचा?’ असं उत्तर आलं की पाहुणा गप्प होतो आणि काय समजायचं ते समजतो.

कॅम्प नं. ३ मधल्या आमच्या घरात दोन राउटर आहेत, पण वाटणी झालेली नाही. हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण गल्लीचा अजून विश्वास बसलेला नाही. खाली आई, मी आणि पुढच्या खोलीत दोन हेडचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन. वर दादा, वहिनी आणि पुतण्या. मधे स्लॅब. इंटरनेटची वायर खांबावरून, शेजारच्या गॅलरीवरून, तिसऱ्याच कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीखालून खालच्या खोलीत येते आणि केबलवाल्याने दिलेल्या डब्यात शिरते. त्या डब्याचं वाय-फाय जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत ठणठणीत असतं. त्यापुढे स्लॅबमधल्या सळ्या त्याचं काय करतात देव जाणे, वर पोचेस्तोवर वहिनीच्या मालिकेतली नायिका तोंड उघडं ठेवून थिजलेली असायची. शेवटी दादाने चार ॲन्टेनांचा स्वतःचा राउटर आणला, खालच्या डब्यातून एक वायर जिन्याच्या कठड्याला बांधून वर नेली आणि नायिकेला बोलतं केलं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते फाइल सर्व्हर आल्यावर.

फाइल सर्व्हर हे भारदस्त नाव पुतण्याने दिलं. प्रत्यक्षात तो आमचा जुना असेम्बल केलेला कॉम्प्युटर. त्यात पुतण्याने मोठी डिस्क घातली, लिनक्स टाकलं आणि घरातलं सगळं किडूकमिडूक त्यात ओतलं: दादाने पंच केलेली एम्ब्रॉयडरीची डिझाइनं, जीएसटीचे कागद, आणि दादा-वहिनींच्या लग्नाचा व्हिडिओ. लग्नाच्या या व्हिडिओत वहिनी गुलाबाच्या पाकळीतून उगवते, दादा धबधब्यातून येतो आणि दोघं मिळून ताजमहालावर गोल फिरतात. कॅसेटवरून सीडी, सीडीवरून डीव्हीडी, डीव्हीडीवरून डिस्क असा प्रवास करूनही त्यातला दादाचा सफारी सूट अजून चमकतो.

हा सर्व्हर वर ठेवायचा, हे आईने ठरवलं. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांनी या पट्ट्यात काय केलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण विचारावं लागत नाही. वालधुनी एरवी इतकी बारीक, की अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहते तेव्हा बाहेरगावच्या माणसाला ती नदी वाटतही नाही. पण त्या दिवशी पाणी घरात आलं आणि खालच्या कपाटातले अल्बम गेले. तेव्हापासून आईचा कायदा आहे: जे महत्त्वाचं ते वर. गहू वर, घराचे कागद वर, चांदीचं ताम्हन वर. त्याच न्यायाने सर्व्हरही वर गेला आणि दादाच्या राउटरला जोडला गेला.

दुसऱ्या दिवशी मी खालून सर्व्हर उघडायला गेलो, तर काही नाही. नेटवर्कच्या खिडकीत माझा मी एकटा. वर जाऊन पाहिलं, तर दादाच्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित. खाली आलो, पुन्हा काही नाही. इथपर्यंत मी यंत्राला दोष देत होतो. पण तेवढ्यात माझ्या खोलीतला प्रिंटर आपोआप घरघरला आणि त्यातून ‘पर्यावरण संवर्धन: काळाची गरज’ या प्रकल्पाची रंगीत मुखपृष्ठं बाहेर पडायला लागली. पुतण्या वर बसून माझ्या प्रिंटरवर, माझ्या शाईत, पर्यावरण वाचवत होता.

म्हणजे वरच्यांना खालचं सगळं दिसत होतं आणि खालच्यांना वरचं काहीच दिसत नव्हतं. एकत्र कुटुंबात ही तक्रार नवी नाही, पण तिला एवढा तांत्रिक पुरावा पहिल्यांदाच मिळाला. आई म्हणाली, ‘लपवलं असेल रे त्यांनी.’ वहिनी वरून म्हणाली, ‘आई, आम्ही कशाला लपवू? माझंच लग्न आहे त्यात.’

काम तर थांबवता येत नव्हतं. मशीन खाली, डिझाइनं वर, गिऱ्हाईक दारात. मग वहिनीने भाजीवाल्यासाठी असलेली दोरीची पिशवी कामाला लावली. दादा पेन ड्राइव्हवर डिझाइन घालायचा, वहिनी ‘सोडतेय हंऽऽ’ अशी आरोळी द्यायची, पिशवी कठड्यावरून हेलकावत खाली यायची आणि मी ती झेलायचो. पिशवीत पेन ड्राइव्हखाली कधी कढीपत्ता असायचा, कधी आईच्या गोळ्या. पुतण्याने हिशोब केला: ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह दहा सेकंदांत खाली येतो, म्हणजे वेग सेकंदाला सहा जीबीच्या वर, केबलवाल्याचं सर्वांत महागडं पॅकेजसुद्धा या पिशवीच्या पासंगाला पुरणार नाही. फक्त तो पेन ड्राइव्ह सेकंदाला दहा एमबीने भरायचा तर पावणेदोन तास लागतात, हे त्याने हिशोबात धरलं नव्हतं. गल्लीने मात्र पिशवी पाहिली आणि आपला निष्कर्ष काढला: बोलणं बंद झालं वाटतं, वस्तू दोरीने पाठवतात.

केबलवाल्याकडचा मुलगा आला. त्याने डबा बंद करून चालू केला, पापड खाल्ला, ‘खाली नेट येतंय ना?’ विचारलं, वर जाऊन ‘वर नेट येतंय ना?’ विचारलं, दोन्हीकडे ‘हो’ ऐकलं आणि तक्रार मिटल्याची सही घेऊन गेला. त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. घरातल्या घरात एकमेकांशी संबंध ठेवणं पॅकेजमध्ये येत नाही.

मग दादाचे एक मित्र आले. यांना ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’. प्रत्येक गल्लीत असा एक माणूस असतो आणि तो शनिवारीच येतो. त्यांनी आधी फायरवॉल बंद केली, मग अँटिव्हायरस काढला, मग सर्व्हर फॉरमॅट करायला निघाले, तेव्हा वहिनी मधे उभी राहिली. ताजमहालावरचं फिरणं तिने वाचवलं.

खरी गोम समजली ती पत्त्यामुळे, आणि उल्हासनगरकराला ती समजायला अवघड नाही. आमचं शहर मूळचं दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या बरॅकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पण पत्त्यातली छावणी गेली नाही. आजही आमचा पत्ता रूम नंबर, बरॅक नंबर, सेक्शन, कॅम्प नंबर असाच लिहिला जातो. आता स्टेशनबाहेर रिक्षात बसून नुसतं ‘रूम नं. ५’ म्हणून पाहा. रिक्षावाला विचारेल, ‘कुठल्या बरॅकीतली?’ कारण रूम नं. ५ प्रत्येक बरॅकीत आहे.

१९२.१६८.१.५ हा असाच पत्ता. तो नुसता रूम नंबर आहे. तुमच्या घरात आहे, माझ्या घरात आहे, कॅनडातल्या मावसभावाच्या घरातही आहे. तो बरॅकीच्या आतच चालतो. बाहेर त्याला कुणी विचारत नाही. राउटर हा बरॅकीच्या दाराशी वही घेऊन बसलेला माणूस. आतल्या रूम नं. ५ ने बाहेर पत्र पाठवलं की तो त्यावर आपल्या बरॅकीचा पत्ता घालतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर आलं की वही उघडतो आणि पत्र बरोबर पाचव्या खोलीत टाकतो. पण बाहेरून आपणहून एखादं पत्र आलं तर? वहीत नोंद नाही, म्हणजे पत्र केराच्या टोपलीत. या वहीवाल्या पद्धतीला नॅट म्हणतात आणि तिचं पहिलं टिपण १९९४ मध्ये निघालं.

दादाने काय केलं होतं? आमच्या बरॅकीच्या आत आणखी एक बरॅक बांधली होती. वरून निघालेलं पत्र दादाच्या राउटरच्या वहीत नोंद होऊन खाली माझ्या प्रिंटरकडे यायचं, उत्तर वहीतून परत जायचं, पर्यावरणाचं रक्षण व्हायचं. माझं पत्र खालून सर्व्हरकडे निघालं की दादाचा राउटर वही उघडून म्हणायचा, ‘तुम्हाला कुणी बोलावलं होतं?’ दादाच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं. जे होतं ते त्याच्या राउटरच्या मनात होतं.

बरं, नशिबाने दोघांचे रूम नंबर तरी वेगळे होते. खालचा डबा १९२.१६८.१ ने सुरू होणारे नंबर वाटत होता, वरचा १९२.१६८.० चे. बाजारात बरेच राउटर कारखान्यातून एकाच क्रमांकावर लावून येतात. दोन्हीकडे एकच मालिका असली की वरच्याला वाटतं, रूम नं. ५ आपल्याच बरॅकीत आहे, आणि तो खाली शोधायला जातच नाही. हल्लीचे काही राउटर असा प्रसंग ओळखून आपला नंबर आपणच बदलून घेतात आणि भांडण टाळतात. भावाभावांत ही सोय अजून आलेली नाही.

हे सगळं एवढं गुंतागुंतीचं का केलं, असं आईने विचारलं. उत्तर उल्हासनगरच्या पद्धतीचंच आहे: जागा कमी, माणसं फार. इंटरनेटच्या जुन्या आणि अजून सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर, आणि हल्ली टीव्ही, घड्याळ, दारावरची घंटा, सगळ्यांनाच पत्ता लागतो. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये जाणत्या लोकांनी तीन मालिका घरगुती वापरासाठी काढून ठेवल्या: १० ने सुरू होणारी, १७२.१६ पासूनची आणि आपली १९२.१६८. त्याच १९९६ साली उल्हासनगरला महानगरपालिका मिळाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोन्ही गर्दीवरचे इलाज. नुसत्या १० च्या मालिकेत एक कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत. २०११ च्या जनगणनेत आमची वस्ती ५ लाख ६ हजार. म्हणजे लहानथोर प्रत्येकाला तेहतीस पत्ते देता येतील, तेही विकासकाशिवाय.

गंमत म्हणजे अनेक केबलवाले आपल्या गिऱ्हाइकांनाही खरा पत्ता देत नाहीत. त्यांच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनची आणखी एक मालिका राखून ठेवली गेली. म्हणजे केबलवाल्याची बरॅक, तिच्यात आमची, तिच्यात दादाची. वहिनीची मालिका तीन वह्यांमधून नोंद होऊन यायची आणि तरी वेळेवर लागायची, याबद्दल खरं तर त्या वहीवाल्यांना दिवाळी द्यायला हवी.

सर्व्हरवर जो प्रोग्राम चालतो त्याचं नाव सांबा. फाइली वाटण्याच्या पद्धतीचं नाव एसएमबी. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यासाठी फुकट प्रोग्राम लिहिला. नाव हवं होतं, म्हणून त्याने कॉम्प्युटरमधल्या शब्दसंग्रहात एस, एम आणि बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले. हाती आलेल्या चार शब्दांत सांबा होता आणि स्क्रॅम्बलही होता. त्याने सांबा निवडला हे फार बरं केलं, नाहीतर ‘आमच्या घरात स्क्रॅम्बल चालू आहे’ असं सांगितल्यावर पाहुण्याने पापड सोडून अंडी मागितली असती.

रोग कळल्यावर उपाय तीन निघाले. पहिला, सर्व्हर खाली आणायचा. आईने आकाशाकडे पाहिलं आणि तो उपाय तिथंच बुडाला. दुसरा, दादाच्या राउटरच्या वहीत कायमची नोंद करायची, की एसएमबीच्या, म्हणजे ४४५ नंबरच्या, दारावर आलेलं पत्र थेट सर्व्हरकडे जाऊ द्यावं. हा चालतो, पण अर्धवट. नेटवर्कच्या खिडकीत सर्व्हर तरीही आपणहून दिसत नाही, कारण ‘मी इथं आहे’ ही त्याची हाक राउटरच्या दारापलीकडे ऐकू जात नाही. दर वेळी नंबर टाकून जावं लागतं. तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड: दादाच्या राउटरने राउटरपण सोडायचं. पत्ते वाटायचे नाहीत, वही ठेवायची नाही. खालून वायरीने आलेलं नेट वाय-फायने वरच्या मजल्यावर पसरायचं, बस्स. याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

हे सांगताच वर शांतता पसरली. मग दादा म्हणाला, ‘चार ॲन्टेना आहेत त्याला.’ कुणी काही बोललं नाही. ‘खालचा डबा तर फुकट मिळालाय,’ दादा पुढे म्हणाला, ‘आणि माझा विकतचा. फुकटचा मालक आणि विकतचा त्याच्या हाताखाली?’ यात राउटरपेक्षा बरंच काही बोललं जात होतं. मी तह सुचवला: खालचा डबाच मुका करू, सगळा कारभार दादाचा राउटर बघेल. पण त्या डब्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे, आणि केबलवाला तो बायकोलाही सांगणार नाही. अखेर आई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभी राहिली. न्याय ती तिथूनच देते, म्हणजे दोन्ही मजल्यांना ऐकू जातं. ‘एका बरॅकीत खोल्यांवर नंबर एकानेच टाकायचे,’ ती म्हणाली. ‘दोघांनी टाकले तर पोस्टमनने मरायचं का?’

त्या रात्री पुतण्याने लॅपटॉप उघडला आणि आम्ही भोवती बसलो. राउटरच्या पानावर शिरायचं नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. दादाने इतकी वर्षं गोदरेजचं कपाट दोन किल्ल्यांनी बंद केलं, पण इथं कुलूपच लावलं नव्हतं. ते आधी बदललं. मग दादाच्या राउटरला नवा नंबर दिला, १९२.१६८.१.२. ‘दोन?’ दादाने विचारलं. ‘एक नंबर डब्याचा आहे, काका... आपलं, बाबा,’ पुतण्या गडबडला. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं खातं, बंद केलं. सेव्हचं बटण दादाने स्वतः दाबलं. मोठेपणा सोडायचा तर आपल्या हाताने सोडावा. शेवटी जिन्यावरून आलेली वायर राउटरच्या निळ्या भोकातून काढून शेजारच्या पिवळ्या भोकात घातली. सगळं काही त्या एका भोकावर अवलंबून होतं. सर्व्हरला कायमचा पत्ता दिला, १९२.१६८.१.५०, डबा जे शंभरच्या पुढचे नंबर वाटतो त्यांच्या बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो चुकून जाणार नाही. खालचं वाय-फाय चॅनेल १ वर होतंच, वरचं ६ वर नेलं, म्हणजे दोघं एकाच वेळी एकमेकांवर ओरडणार नाहीत.

खालून कळफलकावर नंबर टाकला आणि सर्व्हर उघडला. आईच्या आग्रहावरून वर आणि खाली एकाच वेळी लग्न लावलं. गुलाब उमलला, धबधबा कोसळला, दोन्ही मजल्यांवर ताजमहाल फिरला. जुन्या शंभर एमबीपीएसच्या वायरीतूनसुद्धा एकही झटका नाही.

मात्र आता खालून वरचं सगळंच दिसायला लागलं. आईने एका दुपारी सर्व्हरवरचे झाडून सगळे फोटो पाहिले आणि संध्याकाळी शांतपणे विचारलं, ‘माहेरच्या सहलींचे एवढे आणि सत्यनारायणाचे एवढेच?’ दादाच्या हिशोबाच्या फोल्डरमध्ये माझ्या नावापुढे एक रक्कम होती, ती मला ठाऊक नव्हती. पुतण्याने रातोरात प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि वेगळं फोल्डर दिलं. एकत्र कुटुंब टिकवायचं तर कोणाला काय दिसू नये हेही ठरवावं लागतं. आधीच्या पिढ्या हे काम पितळी कडीच्या पेटीने करायच्या.

ज्यांच्या घरी दुसरा राउटर यायचाय त्यांना एवढंच सांगणं आहे. राउटर हवे तेवढे घ्या, पण नंबर वाटणारा एकच ठेवा. ४४५ चं दार इंटरनेटच्या बाजूला कधीही उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच वाटेने शिरला आणि दीडशे देशांतले कॉम्प्युटर ओलीस धरून बसला. आणि सर्व्हर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, डिस्क कधीही बसते. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आमची बदलापूरला बहिणीकडे आहे. तिथं ठेवणार असाल तर तळमजला सोडून.